लाल खडकावर सांडलेलं माझं रक्त

आधी चहा संपवून घ्या. मध्येच हसू आलं आणि कप अंगावर सांडला, तर पुन्हा मलाच बोलाल. आणि या प्रकरणात मी आधीच पुष्कळ बोलणी खाल्लीत! बरं, दोष तरी कोणाला द्यायचा? सगळं मी एकट्याने, स्वतःच्या डोक्याने केलं. अगदी डोक्यानेच, हो!

मी सुरतेला कोसाडमध्ये राहतो आणि कामाला पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये आहे. पंचवीस वर्षं पॉलिस्टरच्या साड्या रंगवतोय. सगळे मला मास्तर म्हणतात. शाळेतला नव्हे, रंगाचा.

तर आमच्या कल्याणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा रोहन, कतारगामचा. त्याचे वडील भास्करराव, आमच्यासारखेच खानदेशातून आलेले. पोरांचं आपसात कधीच जमलं होतं, आम्हा मोठ्यांचं जमायचं होतं. भास्करराव बोलायला गोड, पण शब्द द्यायची घाई नाही. एक दिवस म्हणाले, "मास्तर, दिवाळीत मिल बंदच असते. दोन्ही घरं मिळून फिरायला जाऊ. माणूस प्रवासात कळतो."

"जाऊ की! कुठे?"

"राजस्थानात. जोधपूरच्या पुढे वाळवंटात एक गाव आहे. सगळे डोंगर लाल! लोक लांबून तिथे चालायला येतात. सात किलोमीटरची वाट आहे. तुम्हाला चढायची सवय आहे ना?"

इथे 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरं! पण समोर होणारे व्याही. माझ्या तोंडातून निघालं, "सवय? अहो, दरवर्षी वणीचा गड चढतो मी!"

माझी बायको सुनंदा माझ्याकडे बघतच राहिली. कारण गडावर आम्ही बसने जातो आणि पुढच्या पायऱ्या नकोत म्हणून ट्रॉलीत बसतो. मी चढतो ती फक्त बसची पायरी.

मग तयारी. उन्हात डोक्याला बांधायला सुनंदाने एक मोठा पांढरा रुमाल आणला. मी म्हटलं, लाल डोंगरात पांढरा काय शोभणार? मिलमध्ये नेला आणि साड्यांच्या लाल रंगातून काढून आणला. धुवायचा राहिला, म्हटलं काय फरक पडतो.

"अहो, तो सुती शे," सुनंदा म्हणाली. घरात आम्ही अहिराणीच बोलतो.

"पॉलिस्टर आहे. मी नुसतं बोट लावून कापड ओळखतो. मला नको शिकवू."

पोचलो त्या गावात. काय सांगू, डोळे दिपले माझे! पंचवीस वर्षं लाल रंग घोटतोय, पण असा लाल कधी माझ्या हाताला लागला नाही. कुठे विटेसारखा, कुठे पिकल्या डाळिंबासारखा. मी म्हटलं, वा! याची शेड काढली पाहिजे.

हा उत्साह पहिल्या टेकडीपर्यंत टिकला.

दुसऱ्या टेकडीला माझे गुडघे माझ्याशी बोलेनासे झाले. पुढे आमचे वाटाडे भंवरजी, साठीचे गृहस्थ, मोजडी घालून बकरीसारखे टणाटण चाललेले. त्यांच्यामागे पोरं, मग दोघी विहिणी. मग भास्करराव, पाय जपून टाकत. आणि सगळ्यात शेवटी वणीचा गड दरवर्षी चढणारा मी!

"मास्तर, दमलात का?" भास्करराव वळून विचारायचे.

"छे! दगड बघतोय."

प्रत्येक वळणावर मी दगड बघत होतो. एक दगड तर मी बसून बघितला.

तिसऱ्या टेकडीवर डोळ्यांपुढे काजवे नाचायला लागले. मी पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले आणि उरलेलं सगळं डोक्यावर ओतलं. आहाहा! काय गार वाटलं! डोळे मिटून बसलो. मग कपाळावरून ओघळ आला म्हणून हात फिरवला आणि डोळे उघडले.

हात लालभडक!

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्ही रंगातले, तुम्हाला कळलं नाही? अहो, तेच तर! रोज कोपरापर्यंत लाल हात घेऊन घरी जाणारा माणूस मी. पण त्या क्षणी मनात एकच आलं. संपलं! डोक्यातली नस फुटली!

"भास्करराव..." एवढंच म्हणालो आणि आडवा झालो.

भास्करराव वळले आणि ओरडले, "अरे, रक्त!"

सुनंदा धावत आली. "माय वं! काय व्हयनं?" कल्याणी "पप्पा! पप्पा!" करत रडायलाच लागली. भंवरजींनी आपला पांढराशुभ्र फेटा सोडला, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि फेट्याचं टोक कपाळावर दाबून धरलं. टोक लाल झालं. दुसरी घडी दाबली. तीही लाल! मागून एक पर्यटक बाई येत होत्या, त्यांनी घाईघाईने स्वतःच्या बाटलीतलं पाणी जखम धुवायला माझ्या डोक्यावर ओतलं. झालं! मानेवरून, गळ्यावरून, शर्टावरून लाल धारा!

"खून रुक ही नहीं रहा!" बाई किंचाळल्या.

हे ऐकून आणखी चार जण बाटल्या घेऊन धावले. जितकं पाणी ओतावं तितका मी वाहतोय!

"दुखतंय का?" रोहनने विचारलं.

खरं सांगू? डोकं अजिबात दुखत नव्हतं. मला वाटलं, हेच वाईट लक्षण. म्हटलं, "आता काहीच कळत नाहीये रे बाबा."

भंवरजींनी फोन करून खालून उंट मागवला. मला त्यावर चढवलं, मागे धरायला भास्करराव बसले. उंट डुलत निघाला आणि माझ्या मनात पोरीचा विचार आला. आपण चाललो, निदान तिचं मार्गी लागू दे. मी भास्कररावांचा हात हातात घेतला.

"भास्करराव, माझी कल्याणी... तुमच्या पदरात घातली."

भास्कररावांनी माझा हात घट्ट धरला. "मास्तर, असं बोलू नका. कल्याणी आजपासून आमची. शब्द दिला!"

खाली चालणाऱ्या विहीणबाई पदराने डोळे पुसत होत्या. भंवरजी उघड्या डोक्याने उंटाची दोरी धरून चालले होते, फेटा सगळा माझ्या डोक्याला. ओळख ना पाळख, पण त्यांचेही डोळे भरलेले. मला त्या माणसाचं आजही वाईट वाटतं.

गावात एक छोटा दवाखाना होता. डॉक्टरीणबाई तरुण, पण हात सराईत. फेटा सोडला, रुमाल काढला, केस बाजूला करून सगळं डोकं तपासलं. पुन्हा तपासलं. कानामागे बघितलं.

"चोट किधर है?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वर छताकडे बघायला लागलो.

त्यांनी ओला कापूस कपाळावर फिरवला, नाकाशी नेला. मग माझा रुमाल उचलला आणि भांड्यावर धरून पिळला. लाल पाण्याची धार लागली.

"ये खून नहीं है. ये तो कलर है." त्यांनी केसपेपर पुढे ओढला. "आप काम क्या करते हैं?"

मी लाल हात पाठीमागे लपवले. कल्याणी हळूच म्हणाली, "पप्पा डाइंग मास्टर आहेत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे मात्र हलत होते. आणि सुनंदा? जी इतका वेळ रडत होती, तिने डोळे पुसले आणि भर दवाखान्यात म्हणाली, "तुमले सांगेल व्हतं ना, रुमाल सुती शे!"

सुती कापडावर पॉलिस्टरचा रंग बसत नाही. हे मी मिलमध्ये नव्या आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो.

मला वाटलं, आता सोयरीक गेली. भास्कररावांसमोर हात जोडले. म्हटलं, "चुकलो. तो गडही मी कधी चढलेला नाही. ट्रॉलीने जातो. आणि उंटावर तुम्ही जो शब्द दिलात, तो मी धरणार नाही."

भास्करराव बाकावर बसले, बूट काढले, मोजे काढले. दोन्ही टाचांना सुपारीएवढे फोड!

"मास्तर," ते म्हणाले, "पहिल्या टेकडीपासून मी देवाला विनवतोय की कोणीतरी पडू दे, म्हणजे परत फिरता येईल. तुम्ही गड चढणारे, तुमच्यासमोर कसं बोलायचं? आणि शब्दाचं म्हणाल, तर मरताना ज्याला स्वतःच्या आधी पोरगी आठवते, त्याच्या घरची मुलगी मी सोडत नसतो."

माझ्या डोळ्यांतून तेव्हा मात्र खरं पाणी आलं. तेही गालावरून लालच उतरलं, ते सोडा. भंवरजींना मी बाजारातून नवा पांढरा फेटा घेऊन दिला. त्यांनी तो आधी ओला करून पिळून बघितला आणि मगच डोक्याला बांधला.

दिवाळीनंतर मिल सुरू झाली. मी साबण लावला, लिंबू चोळलं, बेसन थापलं, तरी कपाळावरचा लाल पट्टा जाईना. रुमालावर एक दिवस न टिकलेला रंग माझ्या कातडीवर दहा दिवस टिकला! मान खाली घालून कामावर गेलो. आमच्या गुजराती शेठनी मला हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं, अंगठ्याला थुंकी लावून माझं कपाळ खसाखसा घासून बघितलं आणि खूश होऊन म्हणाले,

"अरे वाह मास्टर! आ कलर तो एकदम पाको छे! कयो शेड नंबर?"