टेबल येणार, पेटी जाणार

शाळा सुरू व्हायला आठ दिवस होते आणि आमच्या घरात भांडणं सुरू झालेली. सगळी एका टेबलावरनं. टेबल अजून आलेलं पण नव्हतं.

नात सहावीत गेली, म्हणून तिला स्टडी टेबल पाहिजे. पाचवीपर्यंत पलंगावर लोळून अभ्यास केला, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. यंदा आयांच्या मोबाईल ग्रुपवर कुणीतरी टाकलं की लोळून पोरांची पाठ वाकते. झालं. सगळ्या आयांनी एकदमच टेबलं मागवली. आमच्या सूनबाईनेपण मागवलं. शुक्रवारी येणार. आणि कोपर स्टेशनजवळ आमचं घर केवढं? एक बेडरूम, एक हॉल, एक किचन. टेबल बसेल अशी जागा एकच, हॉलच्या खिडकीखाली. तिथे माझी पेटी.

"आई, पेटी शुक्रवारच्या आत काढायला लागेल," सून बोलली.

"काढून कुठे ठेवू? डोक्यावर?"

"भंगारवाला येतो ना रविवारी."

ती वाईट मनाने नाही बोलली. डबा भरता भरता बोलली, तिची आठची गाडी असते. मी भाजी निवडत होती, निवडत राहिली. पण गवारीची शीर काढताना त्या दिवशी निम्मी शेंगच तुटत होती.

ही पेटी लोखंडाची, बुटकी, वीतभर उंच. हिरवा रंग होता, आता कुठेकुठे दिसतो. लग्नात माहेरून मिळाली. ह्या घरात कपाट मुलाचं-सुनेचं, पलंग त्यांचा, फ्रिज त्यांचा. माझं काय, तर ती पेटी. तिच्यात दोन लुगडी, सुईदोरा, दाभण, आमचे मालक गेले त्यांचा चष्मा, असंच. आणि खाली तळाला एक वही. तिचं नंतर सांगते.

टेबलाबरोबर बाकीची खरेदी चालूच. काळे बूट वेगळे, पांढरे वेगळे. वह्या शाळेच्याच, शाळेचं नाव छापलेल्या. नाव लिहायच्या चिठ्ठ्या आल्या, तर त्यांच्यावर नातीचा फोटो. एवढ्याशा चिठ्ठीवर फोटो कशाला? वही हरवली तर पोलिसात देणार काय?

पाण्याची बाटली नवीन. मी बोलली, "गेल्या वर्षीची चांगली आहे की."

नात बोलली, "आजी, तिच्यावर युनिकॉर्न आहे. सहावीत कोण युनिकॉर्न नेतं?"

"म्हणजे काय?"

"शिंगवाला घोडा."

"मग त्या घोड्याने पाणी कडू केलं काय?"

सून हसली, नात रुसली. बाटली आलीच.

मला खरा राग आला तो जुन्या वह्यांचा. रद्दीला गठ्ठा बांधून ठेवलेला. मी सहज चाळला, तर एकेक वही अर्धी कोरी. एकीत तर चारच पानं लिहिलेली, पुढे सगळी पांढरीफेक. मी गठ्ठा सोडला. कोरी पानं अलगद काढली, कडा जुळवल्या, पेटीतनं दाभण काढला आणि शिवायला बसली. आमच्यात असंच करायचे. मे महिना म्हणजे उरलेल्या पानांची वही शिवायचा महिना. वर जुन्या कॅलेंडरचं जाड पान, उलटं घालून. म्हणजे पांढरी बाजू वर येते.

नातीने बघितलं. "आजी, हे नाय चालत शाळेत."

"का? अक्षर उमटत नाय ह्याच्यावर?"

"रेघा बघ ना. अर्धी पानं मॅथ्सची आहेत, चौकटीची. मध्येच वन लाइन."

"मग गणित आलं की गणित कर, दुसरं आलं की दुसरं कर."

तिने कपाळाला हात लावला. अगदी आईसारखा.

माझी स्वतःची शाळेची तयारी म्हणजे पाटी. खडवलीच्या पलीकडे आमचा पाडा. शाळा उघडायच्या आधी पाटी घोटायची. चुलीतला कोळसा, त्यात घेवड्याचा पाला चुरडून त्याचा रस, आणि घास घास घासायची. सुकली की काळी कुळकुळीत. बोटं पण काळी, चार दिवस जात नव्हती. मास्तर बोटं बघून सांगायचे कोणी घरी पाटी घोटली आणि कोणी नाही. माझी चौथीपर्यंत चार वेळा घोटून झाली. पाचवीची शाळा नदीच्या त्या बाजूला. पावसात नदी भरते, पोरगी कशी जाणार? पाटी धाकट्या भावाला गेली. मी गुरांमागे गेली. कोणी रडलं नाही, मी पण नाही.

लग्न होऊन दिव्याला आली, कोपरच्या बाजूचं स्टेशन. तेव्हा दिवा म्हणजे खाडी, चिखल आणि मध्ये मध्ये चाळी. मालक ठाण्याला कंपनीत होते. ती बंद पडली, मग मिळेल ते. मी ठाण्याला दोन घरी पोळ्या करायची. आणि पाणी नाही. पाणी आमच्याकडे कधीच नव्हतं. लांब हापसा, तिथे सकाळपासून हंड्यांची लाइन.

पोरगा तेव्हा सहावीत. आमची पुस्तकं कधी दुकानातनं येत नव्हती. एक इयत्ता पुढे असलेल्या पोराची घ्यायची. पण ज्याने आधी सांगून ठेवलं त्याला मिळणार. त्यामुळे शिमग्यापासूनच त्या पोराच्या आईशी गोड बोलायला लागायचं. आमच्या चाळीत सातवीला एकच पोरगी. तिची आई बोलली, "वहिनी, माझी कंबर धरलेय. रोज दोन हंडे आणून द्या, पुस्तकं तुमचीच. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाय."

आणले. शिमग्यापासून शाळा उघडेपर्यंत रोज तिचे दोन, माझे तीन. उन्हाळ्यात हापसा पण खोकायचा, दहा दांडे मारावे तेव्हा एक चूळ यायची. पुस्तकं मिळाली. चांगली ठेवलेली पोरीने, कोपरे पण दुमडलेले नव्हते. मी कव्हरं घातली. पोरगा पहिल्या दिवशी सगळं दप्तर भरून गेला.

दुपारी परत आला तो दप्तर दारातच टाकून.

"आई, ही जुनी आहेत. सातवीची सगळी बदलली. नवीन अभ्यासक्रम आला."

"सगळी?"

"सगळी. गुरुजी बोलले, ही रद्दीत द्या."

मला काय माहीत पुस्तकं बदलतात म्हणून? आमच्या पाड्यावर एकच पुस्तक तीन भावंडांनी वाचलेलं. मी तशीच पुस्तकं घेऊन त्या बाईकडे गेली. ती चहा गाळत होती. बोलली, "मला तरी काय ठाऊक वहिनी? आणि पाणी तर आम्ही पिऊन टाकलं. आता ते परत कसं देऊ?"

पुस्तकं काखेत मारून मी घरी आली.

भाषा आणि गणित नवीन घेतलं. बाकीची शाळेत बाकावरच्या पोराबरोबर बघून वाचायची. पण इतिहास गुरुजी पाठ करून घ्यायचे, तो घरी लागायचाच. मग मी ठरवलं, आपण उतरवून काढू. शनिवारी अर्धी शाळा सुटली की बाकावरच्या पोराचं पुस्तक आणायचं, सोमवारी सकाळी परत द्यायचं. उरलेल्या पानांची वही शिवली आणि ह्याच पेटीवर ठेवून लिहायला बसली. आठवडाभर ही पेटी पोराचं टेबल. खाली मांडी घालून बसायचा, पेटीवर वही. शनिवार-रविवार माझं.

चौथीनंतर मी हातात पेन धरलं नव्हतं. जोडाक्षर आलं की मी ते लिहीत नव्हती, चितारत होती. रांगोळी काढतात तसं. मालक यायचे, बघायचे, बोलायचे, "आमच्या घरात इतिहास लिहिला जातोय, जरा हळू बोला." चेष्टाच करायचे. पण स्टोव्ह ते पेटवायचे त्या दोन दिवसांत.

नकाशे कसे काढणार? कागदाला खोबरेल चोळायचं, मग खालचं दिसतं. त्याच्यावरनं गिरवायचं. तेल थोडं त्या पुस्तकाला लागलं. सोमवारी त्या पोराची आई दारात. "पुस्तकावर भजी तळलीत काय हो?" मी माफी मागितली. पुढच्या शनिवारी परत मागायला गेली. दुसरं काय करणार?

गोकुळाष्टमीच्या आधी पुस्तक पुरं केलं.

फक्त तेलाने त्याची दोन पानं चिकटलेली. मला कळलंच नाही. मी इकडचं लिहिलं, पान उलटलं, तिकडचं लिहिलं. वाक्य लागत नव्हतं, पण मला वाटलं इतिहास असाच असतो. परीक्षेच्या आधी गुरुजींनी पोराला उभा करून नेमकं त्या पानावरचं विचारलं. त्याला येईना. "तुझ्या पुस्तकात हे पान नाही काय रे?" तो बोलला, "गुरुजी, माझ्या आईच्या पुस्तकात नाही." अख्खा वर्ग हसला. पोरगा घरी येऊन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी काय सांगणार होती? दोन पानं राहिली ती राहिली.

तर ती वही ह्या पेटीत तळाला.

गुरुवारी मुलगा कामावरून लवकर आला, पेटी रिकामी करायला. मी बोलली, माझी मी करीन. तो बोलला, "तू करशील आणि परत भरशील." ओळखतो मला. लुगडी काढली, बापाचा चष्मा काढला, तो शर्टाला पुसून बाजूला ठेवला. मग वही आली हातात. कॅलेंडरचं कव्हर पिवळं पडलेलं.

तो खालीच बसला. उलटायला लागला. तेलाचा वास अजून येतो तिला.

"तू ही ठेवलीस अजून?"

"टाकायला सवड नाय झाली."

"ह्यात दोन पानं नाहीत."

"अजून तेच धरून बसलायस?"

"भर वर्गात, आई."

"मग? मी भर दारात ऐकलं, भजी तळली काय म्हणून. मी सांगते काय कोणाला?"

नात आली पळत. "बघू, बघू. हे कोणी लिहिलंय?"

"तुझ्या आजीने."

"हँडमेड टेक्स्टबुक?" तिने नकाशावर बोट फिरवलं, मग बोट हुंगलं. "ईऽ, तेल. आजी, झेरॉक्स का नाय काढली?"

ह्या पोरीला काय सांगायचं? दिव्याला तेव्हा प्यायला पाणी नव्हतं, ही झेरॉक्स विचारते.

"आणि पप्पा, तुम्ही टेबलवर बसून वाचायचात हे?"

मुलाने पेटीवर थाप मारली. "हेच टेबल."

नातीने पेटीकडे बघितलं, मग खिडकीखाली टेबलाच्या मापाने सुनेने फरशीवर चिकटवलेल्या पट्टीकडे बघितलं. पण पेटी शेवटी दाराजवळ सरकवलीच मुलाने. बोलला, "रविवारी बघू." मी सामान पिशवीत भरलं. मीच भरलं, कोणी सांगितलं नाही.

शुक्रवारी टेबल आलं. खोक्यातनं नुसत्या फळ्या आणि स्क्रूची पुडी. जोडायला वेगळा माणूस. त्याने जोडून दिलं आणि बोलला, "ऑफिसवालं मागवलंय ताई तुम्ही, लहान मुलांचं नाही हे." सून मोबाईल बघते, डोळे बारीक करते, परत बघते. परत पाठवायचं तर शाळा सोमवारी. माणसाने खुर्ची फिरवून फिरवून वर केली तेव्हा कुठे नातीचे हात टेबलावर आले. आणि पाय हवेत. लोंबकळतायत आपले, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे.

"पाय टेकायला पाहिजेत," सून बोलली. "ग्रुपवर तेच लिहिलेलं. नाहीतर पाठ परत वाकते. फूटरेस्ट मिळतो, थांबा. पाच दिवसांत येईल."

"पाच दिवस मी अशी बसू?" नात.

मी कांदा चिरत होती. मी काहीच बोलली नाही, देवाशप्पथ.

मुलगा उठला. दाराजवळची पेटी फरफटत आणली. नवीन फरशीवर चरा उठला, सून ओरडली, "अहो!" तो ऐकतो कुठे. टेबलाखाली सारली. नातीने पाय ठेवले. तळवे बरोबर बसले.

"आता?" मुलगा बोलला.

"गार लागतंय," नात बोलली. "पण ओके."

सून बघत राहिली. मग बोलली, "फूटरेस्ट येईपर्यंत राहू दे." अजून आलेला नाही. मागवला की नाही, मी विचारत नाही.

मी पिशवीतलं सामान परत पेटीत भरलं. वही तळाला. मी शिवलेली चौकटीची आणि रेघांची वही मात्र टेबलावर असते. नात ती शाळेत नेत नाही, पण गणित सोडवून बघायला घेते. मला दाखवत नाही, पानं कमी झालेली दिसतात.

एकच त्रास झालाय. पेटीतनं काही काढायचं असलं तर आता परवानगी लागते. परवा शर्टाचं बटण लावायचं होतं. मी बोलली, "बाय, पाय उचल."

"थांब ना आजी, एक मिनिट."

एक मिनिट म्हणून मी तिथे फरशीवर बसली ती बसलीच, हातात शर्ट घेऊन.