वरचा एक डॉलर

नाही बाई, मला हे अजूनही पटत नाही. शुभकार्याच्या पाकिटात वर एक लागतो म्हणजे लागतोच. पन्नास ही काय देण्याची रक्कम झाली? एकावन्न म्हणा, तोंड भरल्यासारखं वाटतं. दर चिनी नववर्षाला तुम्ही माझ्या हातावर लाल पाकीट ठेवता आणि दर वर्षी आत नुसते पूर्ण पन्नास. मी म्हणतो, "बाई, वरचा एक राहिला." तुम्ही म्हणता, "राहिला नाही, मी घातलाच नाही. तू राहतोस कुठे?"

मंडळी, माफ करा. रामटेके बाईंच्या पंचाहत्तरीचा हा ग्रंथ आणि मी सुरुवातच भांडणाने केली. बाईंच्या चीनविषयक अभ्यासाबद्दल यात त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी लिहितीलच. मी नववीत शाळा सोडलेला, भंडाऱ्याकडचा टाइल्स बसवणारा कामगार. समितीचे मेश्राम साहेब म्हणाले, "रोशन, तू बोलतोस तसंच लिही, फक्त आदराने लिही." आदराची चिंता नाही. चिंता बसण्याची आहे. मला एका जागी बसवत नाही, त्यामुळे दोन ओळी झाल्या की उठून आम्हा कामगारांच्या डॉर्मच्या व्हरांड्यात फेरी मारून येतो आहे.

बाईंची माझी पहिली ओळख त्यांच्या बाथरूममध्ये झाली. हे वाक्य मेश्राम साहेब कापतील, पण खरं तेच आहे. इथल्या आंग मो कियो वस्तीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या फरश्या बदलायच्या होत्या आणि आमच्या तान बॉसनी मला पाठवलं होतं. बाहेरच्या खोलीत छतापर्यंत चिनी पुस्तकं. मी समजलो, घर कुणा चिनी प्रोफेसरचं. एवढ्यात आतून आवाज आला, "अगं, फोडणीत हिंग पुन्हा विसरलीस ना?" माझ्या हातातली थापीच पडली. बाई फोन ठेवून दारात आल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही आपल्याकडच्या?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, फरशीकडे पाहिलं. "आधी उतार बघ. पाणी काय माझ्या पुस्तकांकडे नेणार आहेस?" उतार खरंच उलटा पडला होता. मी तो सरळ केला आणि मग मला पोहे मिळाले.

बाई मूळच्या नागपूरच्या. लहानपणी विहारात एका भन्तेजींनी त्यांना सांगितलं होतं, की आपल्याकडे हरवलेले बुद्धाचे कितीतरी शब्द चीनने भाषांतर करून जपून ठेवले आहेत. त्या मुलीने ठरवलं, की मग ती भाषा शिकायची. एवढ्या एका वाक्यावर एखादं माणूस आख्खं आयुष्य लावतं, याचं मला आजही नवल वाटतं. शाळेत मला पहाडाएवढी कारणं सांगितली, तरी मी दहावीपर्यंत टिकलो नाही.

रविवारी दुपारी बाई घरी चीनचा इतिहास सांगतात. इंजिनिअर येतात, पीएच.डी. करणारी मुलं येतात. मीही जायला लागलो, पण सोफ्यावर बसलो की पाय हलायचा आणि सगळा सोफा हलायचा. कुणीतरी कुरकुर केली. बाईंनी दुसऱ्या रविवारी खुर्च्या भिंतीपासून पुढे ओढल्या आणि मागे वाट मोकळी सोडली. म्हणाल्या, "रोशन, ती तुझी जागा. चालत ऐक." तेव्हापासून मी तांग, मिंग, छिंग ही सगळी राजघराणी चालत चालत ऐकली. मला कुणी माझ्या खोडीसकट वर्गात ठेवून घेतलं, ते आयुष्यात पहिल्यांदाच.

एका रविवारी मात्र मी आपोआप थांबलो. त्या दिवशी बाई राजांबद्दल बोलत नव्हत्या. दक्षिण चीनमधून बोटीने या शहरात आलेल्या हमालांबद्दल आणि मजुरांबद्दल बोलत होत्या. ती माणसं घरी पैसे पाठवायची तेव्हा नुसते पैसे जात नसत, त्यासोबत पत्र जायचं. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घ्यायची. मी सुखात आहे, आईने औषध घ्यावं, भावाला शाळेत घाला, आणि सोबत इतके इतके पाठवतो आहे. घरून पोच यायची, तीही पत्रानेच. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मला वाटत होतं इतिहास म्हणजे मेलेल्या राजांच्या लढाया, आणि इथे तर बाई घरी पैसे पाठवायच्या माझ्याच महिनाअखेरीबद्दल बोलत होत्या.

आता वरच्या एक डॉलरची गोष्ट. तान बॉसच्या मुलीचं लग्न होतं. आम्हा कामगारांनाही बोलावलं होतं. मी आपल्या रीतीने एकावन्न डॉलर घातले, पन्नासची नोट आणि वर एक नाणं. पाकीट घेतलं तेही चांगलं कोरं, पांढरंशुभ्र, आणि त्यावर ठळक अक्षरात माझं नाव. दुसऱ्या दिवशी साइटवर गेलो तर बॉसचा चेहरा काळाठिक्कर. "यू कर्स माय डॉटर, इज इट?" मला काही कळेना. माझ्या सोबतच्या तमिळ मिस्त्रीने हळूच सांगितलं. पांढरं पाकीट आणि विषम रक्कम चिनी लोक मयताच्या घरी देतात. मी लग्नाला मयताचे पैसे देऊन आलो होतो. बॉसच्या म्हाताऱ्या आईने, म्हणजे घरात सगळे ज्यांना आ-मा म्हणतात त्यांनी, पाकीट पाहिल्यापासून नीट जेवणही घेतलं नव्हतं. बॉस म्हणाला, तुझं वर्क परमिट या महिन्यात संपतंय ना, मी ते पुढे वाढवणार नाही. घरी जा.

परमिट गेलं की मी गेलो. नागपूरला बहिणीचा नर्सिंगचा कोर्स अर्ध्यावर होता, तोही थांबला असता. मी थेट बाईंकडे गेलो. वाटलं होतं, त्या बॉसला फोन करून इंग्रजीत चार शब्द सुनावतील. त्यांनी सगळं ऐकलं, पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल. वाटेत दोन संत्री घेऊ."

"दोनच?"

"दोनच. जोडी लागते. आणि तोंड बंद ठेव."

बॉसच्या घरी आ-मा खुर्चीत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी मान फिरवली. बाईंनी दोन्ही हातांनी संत्री पुढे केली आणि त्यांच्याशी त्यांच्याच तिओच्यू बोलीत बोलायला लागल्या. बॉस चकित, मी त्याहून चकित. पाकिटाचा विषयच नाही! बाई विचारत होत्या, तुमचे वडील कुठल्या गावचे, कसे आले. आ-मा आधी एकेक शब्द देत होत्या, मग बोलतच सुटल्या. बाई मधूनमधून मला मराठीत सांगत होत्या. आ-मांचे वडील नदीवर बोटींतून पोती उतरवायचे. लहानगी आ-मा त्यांचं बोट धरून पैसे पाठवायच्या दुकानात जायची. वडील पत्र सांगायचे आणि दुकानातला माणूस लिहायचा.

तेव्हा बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं. नंतर कळलं, त्या म्हणाल्या होत्या, "हाही दर महिन्याला तेच करतो." आ-मांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग थोडं रागानेच विचारलं, "मग तो एक कशाला? त्या एकट्याला सोबत कोण?"

बाईंनी मला विचारलं, "सांग, का घालतो आपण?"

मी कधी विचारच केला नव्हता. जे आईकडून ऐकलं होतं तेच बोललो. "पूर्ण रक्कम दिली की हिशोब मिटल्यासारखा होतो. वर एक ठेवला की नातं पुढे चालू राहतं."

बाईंनी ते जसंच्या तसं सांगितलं. त्यात आपली भर घातली नाही, मला हुशार करून दाखवलं नाही, की आ-मांची चूक काढली नाही. आ-मांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. त्या आल्या तेव्हा एका हातात माझं पांढरं पाकीट होतं आणि दुसऱ्या हातात एक लाल. माझी नोट आणि नाणं त्यांनी लाल पाकिटात टाकलं. मग आपल्या कनवटीच्या बटव्यातून एक डॉलरचं नाणं काढून माझ्या नाण्यासोबत त्याच पाकिटात टाकलं. म्हणाल्या, "आता हा एकटा नाही." आणि पांढरं पाकीट चुरगाळून मुलाच्या हातात दिलं. बॉस ते पाकीट धरून तसाच उभा राहिला. मग मला म्हणाला, "टुमारो सेव्हन ओ'क्लॉक. डोन्ट लेट, लाह."

लिफ्टमध्ये माझे डोळे भरून आले होते. मी बाईंना म्हटलं, "म्हणजे आपलीच रीत बरोबर ठरली ना?" बाई म्हणाल्या, "कोण म्हणालं? बावन्न झाले, सम झाले. त्यांचीच रीत बरोबर ठरली." तिथून हे भांडण सुरू झालं ते आजपर्यंत.

बाईंच्या विद्वत्तेचं मोजमाप करायची माझी लायकी नाही. मला एवढंच दिसलं, की हजारो वर्षांचा एवढा मोठा देश पोटात घेऊन ही बाई एका रागावलेल्या म्हातारीसमोर बसली आणि तिला तिच्या वडिलांबद्दल विचारत राहिली. ते पाहून मी जो अवाक झालो, तो अजून सावरलेलो नाही. माझी बहीण आज नागपुरात नर्स आहे. मी अजून इथेच फरश्या बसवतो, आणि उतार आधी बघतो.

बाई, तुमचे गुडघे तुम्हाला आंग मो कियोच्या बाजारापर्यंत रोज नेवोत. डोळ्यांना ती बारीक चिनी अक्षरं अजून पुष्कळ वर्षं दिसोत. रविवार चालू राहोत आणि मागची ती वाट मोकळी राहो.

समितीने माझ्याकडून वर्गणी घ्यायची नाही असं ठरवलं होतं. पण तुम्हीच शिकवलंत, की दूरदेशीच्या कामगाराच्या पत्रासोबत काहीतरी जावं लागतं. त्यातून रविवारच्या वर्गासाठी खुर्च्या घ्या. चिनी लोक पोटातलं वर्षही वयात धरतात, त्या हिशोबाने तुम्ही पंचाहत्तर नाही, शहात्तर वर्षांच्या. तुम्ही म्हणाल, रक्कम सम आहे. मी म्हणेन, पंचाहत्तर आणि वर एक. तर बाई, मी सुखात आहे, आणि सोबत लाल पाकिटातून शहात्तर डॉलर पाठवतो आहे.