काउबॉय मास्तर आणि बारा शर्ट

काउबॉय मास्तर प्रत्येक शर्टाला एक माणूस जोडून द्यायचे. वसईजवळ सातिवलीच्या शेडमधे परदेशात जाणारे शर्ट शिवायचे, मास्तर तिथे कापड कापायला, आणि शर्ट तरी कसले, खांद्यावर झालर, खिशावर दोऱ्याने भरलेला घोड्याचा नाल. पूर्वी तिकडचे गुराखी, म्हणजे काउबॉय, असे घालायचे म्हणे, आता शहरातली माणसं हौसेनं घालतात. मास्तर शर्ट झटकून वर धरायचे नि सांगायचे, "हा बघ बाय, डोंगरावर ऱ्हातो. घोडा म्हातारा झालाय. बायको पायरीवर बसून वाट बघते." मग दुसरा शर्ट, दुसरा माणूस. पण घरी वाट बघणारं कोणीतरी प्रत्येकाला असायचंच.

मी कोकणातून लग्न होऊन आलेली, सातवीतून शाळा सुटलेली, मुलगी पाच महिन्यांची, चाळीत ओळख कोणाची नाही, हे सकाळी कामाला गेले की कडी घालून बसायची, कोणी दार वाजवलं तरी उघडायची नाही. शेडमधून शर्टांचे गठ्ठे घरी आणून सुटे धागे कापायचं काम मिळालं, तेवढंच बाहेर पडणं. ते गेलं असतं तर मी परत कडीच्या आत.

मास्तर तिथल्याच गावातले, ख्रिस्ती, साठीला आलेले, डोक्यावर रुंद काठाची टोपी, ती शेडमधेसुद्धा. टेपवर सारखी त्या गुराख्यांची गाणी, दमलेल्या माणसाने गिटार घेऊन म्हटल्यासारखी. अर्थ विचारला की म्हणायचे, घरी चाललाय तो. आणि हा दुसरा? तोपण घरीच चाललाय. इंग्रजी येतं का विचारलं तर म्हणाले, चर्चपुरतं. माझी मुलगी मात्र त्या गाण्यांवर रडायची थांबायची, चिंध्यांच्या ढिगावर झोपून जायची.

एकदा घरी गठ्ठा सोडला नि बघते तर बाराही शर्टांची कोपरं फाटलेली. आमच्या खोलीत उंदीर होते, मला वाटलं त्यांनीच कुरतडले. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. मुलीला मांडीवर घेऊन शनिवार रविवार रफू करत बसले, आईनं शिकवलेला बारीक, बोट फिरवलं तरी कळू नये असा. सोमवारी गठ्ठा मास्तरांपुढे ठेवला, "मास्तर, उंदीर" एवढंच तोंडातून निघालं.

त्यांनी एक कोपर उजेडात धरलं, मग दुसरं, मग टोपी काढून टेबलावर ठेवली.

"बाय, उंदरानी नाय. मी फाडलंय ते. ब्लेडनी."

मला कळेचना, नवा शर्ट कोण फाडतं? म्हणाले, तिकडे तो आजोबाचा वाटला पायजे, जुना दिसला तरच घेतात. आमच्याकडे फाटकं लपवून वावरायचे, मला काय माहीत. मला रडू आलं, आता काम गेलं. पण मास्तरांनी मला स्टूल दिलं आणि दिवसभर आम्ही दोघं माझेच टाके उसवत बसलो. मालक ओरडले, माल उशिरा का, तर म्हणाले फाडायचं माझ्याकडून राहिलं. बोलणी त्यांनी खाल्ली. उसवले पण अकराच. बारावा फाडताना बिघडला असं मालकाला सांगून त्यांनी घडी करून पिशवीत टाकला. मला हळूच म्हणाले, "हा असूदे. घरात बसून कोनीतरी शिवलाय."

त्यांची बायको वारलेली, मुलगा परदेशात, कधी येत नाही, हे मला नंतर शेडमधल्या बायकांकडून कळलं.

पुढे शेड बंद झाली, आम्ही विरारला आलो. मुलगी पहिलीत असताना वसईच्या बस स्टँडवर मास्तर दिसले, बाकड्यावर एकटेच, वाळून गेलेले, टोपी मांडीवर आणि अंगात तोच बारावा शर्ट. मुलीकडे बघून हसले. मग बाही पुढे करून मला म्हणाले, "सांग बाय, हा शर्ट कोनाचा?"

मला गोष्ट कधी जमली नाही. घाबरतच म्हटलं, "ह्याच्या घरी कोणीतरी आहे, मास्तर. कोपर बघा ना."

ते कोपराकडे बघत राहिले. तेवढ्यात त्यांची बस आली, टोपी घातली नि चढले. परत काही दिसले नाहीत.

घरी आल्यावर आठवलं, त्यांचा खिसा एका बाजूने उसवून नालासकट लोंबत होता. सुईदोरा माझ्या पर्समधेच होता.