दुबईतल्या आवण्या आणि मामाचा कान

हे आजवर माझ्या तोंडून कुणापुढं निघालेलं नाही. बायकोपुढं तर नाहीच – तिला कळलं असतं तर कामशेतच्या बाजारात तांदळाचा भाव फुटायच्या आधी हे फुटलं असतं. तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? तुमचा चेहरा मला दिसत नाही, एवढं पुरे नाही का?

मी लग्नाचे व्हिडिओ काढतो. मावळात अशी एक वरमाई नाही, जिला मी जांभई देताना पकडलेलं नाही. तर माझ्या डोक्यात आलं – सिनेमा काढू. छोटासा. विनोदी. आणि चक्क विज्ञानाचा! पुढच्या शतकातला एक ठग काळाच्या यंत्रात बसून बेडसे गावात उतरतो आणि लोकांना मंगळावरचे प्लॉट विकतो. एनए, रोड टच, लेक व्ह्यू, धुळीचं वादळ फुकट. शेवटी मंगळावरचा मूळ मालक येऊन उभा राहतो – सातबारा आमच्या आजोबांच्या नावावर, वारस चारशे, आणि सही एकाचीही नाही! यंत्र म्हणजे पाण्याची काळी टाकी, तिला चंदेरी कागद गुंडाळलेला. तुंगार्लीच्या तळ्यापाशी ती टाकी टेम्पोतून उतरवली, तेव्हा गाड्यांची रांग थेट खंडाळ्यापर्यंत लागली होती. बरं, खंडाळ्यापर्यंत नसेल. पण एक गाडी थांबली होती, शपथेवर सांगतो. पत्ता विचारायला का होईना.

ठग झाला माझा मामा. बेडशाचा शेतकरी माणूस, जन्मात कुणाला फसवलेलं नाही – म्हणूनच घेतला. त्याच्या तोंडाकडं बघून माणूस मंगळच काय, सूर्यावरसुद्धा गुंठाभर जागा घेईल.

आता एक प्रसंग. गिऱ्हाईक विचारतं, "मंगळावर पाणी हाय का?" मी उत्तर लिहिलं होतं अर्धं पान. ध्रुवावरचा बर्फ, खनिजं, सगळं वाचून, घासूनपुसून. मामा ते साफ विसरला. त्यानं आभाळाकडं बघितलं, सावकाश कान खाजवला – आणि म्हणाला, "तुमच्या नळाला हाय का?"

बेडशात देवळापुढं पडदा लावून सिनेमा दाखवला. त्या वाक्याला असा हशा उठला, की वर डोंगरातल्या लेण्यातली वटवाघळं उठून एक्सप्रेस हायवेच्या पलीकडं जाऊन बसली. बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. पोरं मामासारखा कान खाजवत होती. मी कडेला उभा. कुणीतरी येईल, म्हणेल, काय लिहिलंयस राव! एक आबा आले खरे. माझा हात धरला आणि म्हणाले, "खुर्च्या कुटनं आणल्या रं? लय मऊ हायती."

हे का सांगतोय? सांगतो. घाई करू नका – मलाही नाही.

मग सिनेमा नेटवर टाकला. गाव हसलं होतं, जग मात्र गप्प. मामा रोज फोन करायचा, "आली का रं कुणाची कमेंट?" आता काय सांगायचं? मग मीच चाहते जन्माला घातले. नागपूरच्या एक बाई. गोव्याचा एक मासेवाला. आणि एक दुबईकर – त्यानं लिहिलं, 'लय भारी मामा! हितं दुबईत समद्यांनी आवण्या सोडून बघितलं.' आवणी म्हणजे भाताची लावणी. दुबईत. गुडघाभर चिखलात. लिहिताना मला काही वावगं वाटलं नाही, बघा – आमच्याकडं पावसाळ्यात माणूस आवणीशिवाय दुसरं काय सोडणार?

इथपर्यंत मी हसत आलो. तुम्हीही हसला असाल. पाप हे नव्हे. पाप याच्या पुढचं आहे.

सगळंच गोड असलं की लोकांना संशय येतो, एखादी तिखट कमेंट हवी – असं मी मनाशी म्हटलं. आणि 'एक रसिक' या नावानं लिहिलं: 'ठगाची भूमिका करणारे गृहस्थ अगदीच नवखे वाटतात. सारखा कान काय खाजवतात? लेखन मात्र उत्कृष्ट.' गोड कमेंटी लिहिताना मला घाम फुटला होता. ही एका दमात उतरली. शुद्धलेखनाची एक चूक नाही! का उतरली? – कारण सगळ्यांत तेवढी एकच मी मनापासून लिहिली होती.

मामाला बारीक अक्षर दिसत नाही. मीच वाचून दाखवलं. नागपूर, गोवा, दुबई ऐकताना तो मिशीत हसत होता. रसिकापाशी म्हणाला, "परत वाच." मी परत वाचलं. न वाचता पुढं जाता आलं असतं की नाही? आलं असतं. मग त्यानं उत्तर सांगितलं आणि मी टाइप केलं: 'साहेब, चूक दाखवलीत, उपकार झाले. बेडशाला या, इंद्रायणीचा भात खाऊन जा.' दोन्हीकडून माझाच अंगठा.

त्या दिवसापासून मामाचा हात कानाकडं जात नाही. निघतो, अर्ध्यात थांबतो, परत मांडीवर येऊन बसतो. सिनेमात नाही हो – घरात, शेतात, पारावर! कानावर माशी बसली तर बैलासारखी नुसती मान झटकतो. परवा दुसऱ्या भागाचं शूटिंग केलं. तोच ठग, तशीच थाप. हात निघाला, थांबला, खाली आला. कोणी हसलं नाही. मी एकटाच जोरात हसलो. पोरं माझ्याकडं बघायला लागली.

मग रसिकाला कामाला लावलं. 'चित्रपट पुन्हा पाहिला. माझी चूक झाली. कान खाजवणे अप्रतिम!' लगेच बेडसं गाठलं. मामा जेवायला बसला होता, मलाही ताट वाढलं. वाचून दाखवलं. तो घास तसाच हातात धरून हसायला लागला, खोकला लागेपर्यंत.

"हे तू लिव्हलंयस."

मी फोन उलटा करून मांडीखाली सारला.

"आरं, मला कळत न्हाई व्हय? दुबईत आवण्या! ते समदे तूच. मला बरं वाटावं म्हणून. आन् आता ह्येबी." मग आवाज खाली आला. "पर कानाचं पहिल्यांदा लिव्हणारा, त्यो एकटा खरा माणूस हुता. त्याचं मी इसरायचो न्हाई."

बोलायची वेळ होती ती. समोर ताट, समोर मामा, तिसरं कुणी नाही. मी काय केलं?

मामानं माझ्या ताटात आणखी भात वाढला, वर तुपाची धार सोडली. म्हणाला, "भाच्या, तुज्याएवढी माया कुणाची न्हाई बघ."

मी जेवलो. भात फर्मास होता. परत मागून घेतला. समोर मामाच्या कानावर माशी बसली होती, आणि तो मान झटकत होता.