चार भोंग्यांचं स्टेशन

बोलायला सुरुवात करण्याआधी भाऊ माईकवर दोन टिचक्या मारायचे, एक फुंकर घालायचे आणि म्हणायचे, "स्टेशन चालू हाय. हातातलं काम करत राहा, कान तेवढा इकडे द्या."

मूल या तालुक्याच्या गावाहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. तिथे खरं रेडिओ स्टेशन असायचं काही कारण नव्हतं. होतं ते भाऊंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, बंद पडलेल्या एका फिरत्या टॉकीजकडून आलेला ॲम्प्लिफायर आणि चार भोंगे. एक एसटी थांब्यावर, एक राईस मिलच्या भिंतीवर, एक मच्छी बाजारात आणि चौथा तलावाच्या पाळीवर आंब्याच्या झाडाला. या स्टेशनवर खेळाशिवाय दुसरं काही लागत नसे. गाणी नाहीत, जाहिराती नाहीत. एकदा निवडणुकीत एक पुढारी भोंगे मागायला आले, तेव्हा भाऊंनी हात जोडून विचारलं, "तुमी कोनत्या टीममंधून खेळता जी?" पुढारी हसले आणि निघून गेले.

हे सगळं सुरू झालं आपल्या टीमने इंग्लंडात कप जिंकला त्या साली. गावात हिंदी कॉमेंट्री कळणारे थोडे, आणि धड चालणारे रेडिओ त्याहून थोडे. भाऊ दुकानात रेडिओला कान लावून बसायचे आणि ऐकलेलं आमच्या बोलीत भोंग्यावर सांगायचे. क्रिकेटचं मैदान त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. "इतकं मोठं हाय का त्याच्यात आपल्या दहा बांध्या बसतीन," असं सांगून ते धानाच्या शेतावरून गावाला मैदान दाखवायचे. एकदा पावसाने खेळ थांबला तर म्हणाले, "तिथी पाऊस आला तं खेळ बंद करतेत. आपल्या इथी पाऊस आल्यावरच रोवणा सुरू होते. ज्याचं त्याचं नशीब." चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या बायाही त्या दिवशी हसल्या म्हणतात.

पुढे क्रिकेट मागे पडलं आणि कबड्डी आली, कारण ती गावोगावी होती. कार्यक्रम ठरून गेले. सकाळी पहिली एसटी सुटायच्या वेळेला 'कालचा खेळ'. दुपारी 'दुखणं-खुपणं', म्हणजे कोणाचा घोटा सुजला, कोणाच्या बरगडीला लागलं, याच्या बातम्या. मला त्यातली एक अजून पाठ आहे. "यशोदाबाईच्या मधल्या पोराच्या गुडघ्याची सूज उतरली होती. पन काल तो वरातीत नाचला. आता तो रविवारी खेळून नाई राह्यला. त्याले कोनी नाचाले बोलवू नये." आठवडी बाजाराच्या दिवशी एका गावच्या टीमने दुसऱ्या गावाला दिलेली आव्हानं चिठ्ठ्यांवरून वाचली जायची. आणि सामने असले की मैदानापर्यंत वायर ओढून थेट समालोचन.

खेळाडूचं नाव ते आईच्या नावाने घ्यायचे. जनाबाईचा पोरगा चढाईले निंगाला, सखूबाईच्या पोरानं पाय धरला. मी एकदा विचारलं, "भाऊ, वडलांचं नाव का नाही घेत?" तर म्हणाले, "बापाचं नाव शाळेच्या कागदावर असतेच ना, सर. पोराले जेवाले कोन देते? मंग खेळाची ताकद कोनाची झाली?" तलावावर मासे धरणाऱ्यांपैकी त्यांचं घर. त्यांच्या बायकोला सगळे नुसतं बाई म्हणत. त्या मच्छी बाजारात टोपलं घेऊन बसायच्या, आणि जिभेने अशा तिखट की गिऱ्हाईक घासाघीस करायला धजत नसे. भाऊ मात्र बाईंच्या अगदी उलट. त्यांचा आवाज चार भोंग्यांतून येई, पण समोरासमोर ते इतकं हळू बोलत की पुढे वाकावं लागे.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट सांगताना मान खाली जाते ती माझी. मी त्या गावात हायस्कूलला मराठी शिकवायचो आणि कबड्डी मंडळाचा सचिव होतो. माझं स्वतःचं गाव तिथून तीन कोसांवर. म्हणजे माझी बोलीही तीच. पण नागपूरला कॉलेजात गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात उभा राहून "मले येत नाई सर" म्हणालो, आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसानंतर मी 'मले' तोंडातून कधी बाहेर पडू दिलं नाही. आईशी बोलतानासुद्धा नाही. ती म्हणायची, "पोरगा पावन्यासारखा बोलते." मला ते कौतुकच वाटायचं.

एक दिवस नागपूरहून रेडिओवाले एक साहेब आले. खेळांच्या कार्यक्रमासाठी गावाकडचा एखादा अंतिम सामना टेप करायचा होता. एसटी थांब्यावर आम्ही चहा पीत होतो आणि डोक्यावरच्या भोंग्यातून 'दुखणं-खुपणं' सुरू झालं. साहेब ऐकत राहिले आणि मग इतके हसले की बशीतला चहा सांडला. माझे कान तापले. मला तो वर्ग आठवला. "आहे एक दुकानदार," मी म्हणालो, "आमच्याकडे भाषा जरा अशीच आहे." साहेब पुन्हा हसले.

आठ दिवसांनी त्यांचं पत्र आलं. होळीच्या आधीच्या रविवारी येतो, आणि समालोचन भोंग्यावरच्या त्या गृहस्थांनीच करावं, त्यांच्याच बोलीत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तुम्हाला वाटेल, यात काय अडचण होती? मला वाटलं, हा माणूस आमची टर उडवायला येतोय, सगळा मुलूख हसणार आमच्यावर. आणि खरं सांगायचं तर एवढंच वाटलं नाही. रेडिओवर जायचा मान मला हवा होता. मी उलट टपाली कळवलं, 'त्यांचा घसा बरेच दिवस बसला आहे. समालोचन मी करीन.'

भाऊंना यातलं काही माहीत नव्हतं. खऱ्या रेडिओवर एकदा आपला आवाज जावा, ही त्यांची एकच हौस होती, आणि ती साऱ्या गावाला माहीत होती. रोज सकाळी भोंग्यावरून ते सांगायचे, "रविवारी रेडिओवाले येऊन राह्यले." कोण बोलणार हे ते म्हणत नसत, पण गावाने ते धरूनच ठेवलं होतं. त्यांनी नवीन सदरा शिवला. मी रोज दुकानापुढून जायचो आणि रोज ठरवायचो, आज सांगू. पंधरा दिवसांत माझं धाडस झालं नाही.

सांगितलं ते त्या रविवारी दुपारी, मैदानावर, ते माझ्याच खुर्चीजवळ माईक उभा करत होते तेव्हा. "भाऊ, साहेबांना शुद्ध मराठी पाहिजे म्हणे. मलाच करावं लागेल."

त्यांनी वायरची गाठ घट्ट केली. मग म्हणाले, "बरं हाय ना, सर. तुमची भाषा पुस्तकातली हाय." आणि माईक माझ्या तोंडाच्या उंचीला लावून दिला.

थोड्या वेळाने साहेबांची जीप आली. टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवता ठेवता त्यांनी भाऊंनाच विचारलं, कारण जवळ तेच उभे होते. चेहऱ्याने साहेब त्यांना ओळखत नव्हते. "अहो, ते तुमचे भोंग्यावरचे गृहस्थ कसे आहेत आता? सरांनी कळवलं होतं, बरेच दिवस घसा बसलाय म्हणून. मी तर त्यांच्यासाठीच येणार होतो."

आजूबाजूला मंडळाची माणसं वाऱ्याने उडणारा मंडप धरण्यात गुंतली होती, कोणाचं लक्ष नव्हतं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही पाहिलं. मग गळ्याला हात लावून, अगदी बसक्या आवाजात, ते साहेबांना म्हणाले, "मीच तो, साहेब. सर खरं सांगून राह्यले. आवाजच निंगत नाई."

साहेब हळहळले. "बरं वाटलं की सरांना कळवायला सांगा, मी पुन्हा येईन," म्हणाले. भाऊंनी मान डोलावली आणि बॅटरीजवळ जाऊन बसले.

माझ्या समालोचनाबद्दल काय सांगू? 'चढाईपटू प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात प्रवेश करीत आहे' हे वाक्य पूर्ण होईपर्यंत चढाईपटू बाद होऊन बाहेर बसलेला असायचा. मी खेळाडूंची नावं हजेरीपटासारखी आडनावासकट घेतली, तर एक पोरगा भर चढाईत थांबून हा कोण म्हणून माझ्याकडे बघायला लागला. लोक ओरडले, "भाऊ कुठी गेले? काऊन बोलून नाई राह्यले?" मंडळाच्या एकाने उठून सांगितलं की भाऊंचा घसा बसलाय. मग मैदान गप्प झालं आणि मी एकटाच बोलत राहिलो.

साहेब त्यानंतर तीन दिवस गावच्या डाकबंगल्यावर मुक्कामाला होते, आसपासच्या गावांतली दंडार या लोकनाट्याची गाणी टेप करत. ते तीन दिवस स्टेशन बंद होतं. चारही भोंगे मुके. 'कालचा खेळ' नाही, 'दुखणं-खुपणं' नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं तर भाऊ पाटीवर लिहून उत्तर द्यायचे. सगळं गाव त्यांना हळद-दूध सांगत होतं. ते माझं खोटं सांभाळत बसले होते, हे फक्त मला माहीत होतं.

जीप गेली त्या दिवशी मी दुकानात गेलो. माफी मागायचीच असं ठरवून गेलो होतो. भाऊंनी स्टूल पुढे केलं आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "सर, प्रतिस्पर्धी म्हंजे समोरचा ना जी? चांगला शब्द हाय." दुसऱ्या दिवसापासून तो शब्द ते भोंग्यावर वापरू लागले. दर वेळी ऐकताना मला वाटायचं, कोणीतरी कानफटात मारावी.

महिन्याभराने तो कार्यक्रम रेडिओवर लागला. भाऊंनी दुकानातल्या रेडिओपुढे माईक धरला आणि माझा आवाज चारही भोंग्यांतून गावाला ऐकवला. चारच मिनिटं होती ती. "आपल्या गावचे सर रेडिओवर बोलले," असं त्यांनी शेवटी जाहीर केलं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

साहेबांना मी कधीच कळवलं नाही. आज लिहू, उद्या लिहू, आणि लिहायचं तरी काय, की घसा बरा झाला? पुढच्या वर्षी माझी चंद्रपूरला बदली झाली. भाऊ त्यानंतर तीनेक वर्षांनी पावसाळ्यात तापाने गेले. मलेरिया डोक्यात चढला म्हणे. बातमी मला उशिरा कळली.

भेटायला गेलो तेव्हा दुकानाला कुलूप होतं. बाई घरी होत्या. त्यांनी चटई टाकली, चहा ठेवला. मला धाक होता तो त्यांच्या जिभेचा. भाऊंनी त्यांना सगळं सांगितलं असणार आणि आज मला ऐकावं लागणार, असं मी वाटेतच मनाशी धरलं होतं. ऐकायला मिळालं असतं तर मी आनंदाने ऐकलं असतं.

बाईंनी कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "सर, तुमाले एक सांगू का? मनात सलून राह्यलं. त्या रविवारी ऊन लय होतं. जेवताना ते नाई म्हनत होते, पन म्याच त्यायले गडूभर थंडं ताक पाजलं. मैदानावर गेले अन् घसाच बसला. सकाळपर्यंत आवाज चांगला होता जी. माह्यामुळं हुकलं त्यायचं रेडिओवर बोलनं. मले कधी बोलले नाई, पन मी काय समजत नाई?"

म्हणजे भाऊंनी त्यांनाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बाईंनी भर बाजारात माझी सालटी काढली असती, आणि ते भाऊंना नको होतं. त्यासाठी त्यांनी बायकोला हा सल जन्मभर सोसू दिला, की असा सल तिला आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं, ते मला सांगता येणार नाही. मला एवढंच कळलं की तो आता काढू शकेल असा जगात एकच माणूस उरला होता, आणि तो त्यांच्या चटईवर बसून त्यांचा चहा पीत होता.

"ताकानं काही होत नाही, बाई," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि तीनची एसटी धरली.