शिंपीमास्तरांचं पान

ताडकळसच्या बाजारातले आमचे शिंपीमास्तर ख्रिस्ती. मशीनशेजारी बायबल उघडं असायचं. चर्चच्या पाळकानं सांगितलेलंही स्वतः वाचून बघितल्याशिवाय ते मान डोलवत नसत. शिवाय वाचलेलं हातून घडल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा हट्ट. एकदा महिनाभर तेच पान दिसलं.

मी चिडवलं, "मास्तर, पान चिकटलं का?"

"पान न्हाई, मीच अडकलोय."

दुसऱ्या दिवशी ते घरी आले आणि हातभर कापड पुढं ठेवलं. "तुमच्या टेरिकॉटच्या शर्टातलं उरलेलं. न सांगता ठेवून घेतलं होतं."

"अहो, तो शर्ट कधीच फाटला!"

ते हसले नाहीत. दुपारी दुकानात डोकावलो, तर पान उलटलेलं.

आता ते मलाही वाचायचा आग्रह करतात. मी टाळतो. मला पहिलंच पान जन्मभर पुरायचं.