चौथीच्या वर्गाचे पंच

"हा खडू नरसूला दे," असे मी द्वारकीला सांगितले. द्वारकीने खडू घेतला, नरसूच्या पुढ्यात फरशीवर ठेवला आणि मान फिरवून आपल्या जागेवर जाऊन बसली. नरसूनेही तो उचलला नाही. ती दाराजवळ एकटीच बसली होती, आणि तिच्या भोवती आणखी दोन मुली सहज मावतील एवढी जागा मोकळी होती.

मला आधी शिवाशिवीची शंका आली. आमच्या शाळेत ते प्रकार होत, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण या दोघी तर शेजारणी होत्या, हातात हात घालून शाळेत यायच्या. मी गौरव्वाला उभे केले. ती वर्गातली शहाणी मुलगी, दुधनीकडच्या व्यापाऱ्याची.

"बाई, पंचांनी नरसूला वाळीत टाकलंय," ती म्हणाली. "कुणी तिच्यासंगं बोलायचं न्हाय, खेळायचं न्हाय, तिच्या हातचं काय घ्यायचं न्हाय." पाढे म्हणावेत तसे तिने हे म्हणून दाखवले आणि खाली बसली.

हे पंच कुठून आले ते सांगितले पाहिजे. गोष्ट तीस सालानंतरची. मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून 'ट्रेन्ड' होऊन सोलापूरच्या एका मुलींच्या शाळेत चौथीवर होते. वर्गात निम्म्या मुली हातमागवाल्या तेलुगू घरांतल्या, बाकीच्या मिलकामगारांच्या, थोड्या व्यापाऱ्यांच्या. भांडणे रोजची. त्या वर्षी वरून एक सर्क्युलर आले, की छडी कमी करा आणि मुलांची भांडणे मुलांनाच मिटवू द्या, त्यासाठी प्रत्येक वर्गात विद्यार्थी-पंच नेमा. आमच्या हेडमिस्ट्रेस, म्हणजे मोठ्या बाई, यांना सर्क्युलर फार प्रिय. त्यांनी आठवड्याच्या आत सगळ्या वर्गांत पंच बसवले. मुलींना मोकळेपणाने बोलता यावे म्हणून शिक्षिकेने त्या वेळी वर्गाबाहेर थांबायचे, असाही नियम केला. मला ती कल्पना मनापासून आवडली होती. छडी मला कधीच आवडली नव्हती.

गौरव्वा मुख्य पंच झाली, कारण तिचा अज्जा, म्हणजे आजोबा, गावाकडे पंचांत बसायचा आणि सुटीत ती त्याच्याजवळ बसून सगळे बघायची. सुरुवातीला सगळे छान चालले. सागरगोटे कोणाचे, पाण्याच्या माठाशी आधी कोण गेले, असले खटले पाच मिनिटांत मिटायचे. मोठ्या बाई कौतुकाने इतर शाळांतल्या शिक्षिकांना आणून दाखवायच्या.

मग नरसूने द्वारकीला ढकलले आणि तिचा नवा परकर टरकन फाटला. पंच बसले. मी बाहेर होते, आतले नंतर गौरव्वाकडून कळले. द्वारकीने फाटका परकर दाखवला. नरसूला विचारले तेव्हा ती रागाने तेलुगूत बोलू लागली. राग आला की तिला मराठी सुचायचे नाही. पंचांपैकी कोणालाच तेलुगू येत नव्हते. त्यांनी तिचे बोलून संपेपर्यंत अदबीने वाट पाहिली आणि निकाल दिला. छडी नाही, शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. मोठी माणसे करतात ते मुलींनी जसेच्या तसे केले होते, आणि त्यांच्या मते त्यात काही चुकले नव्हते.

मी लगेच सांगून टाकले, निकाल रद्द, सगळ्यांनी नरसूशी बोलायचे. "हो बाई," सगळ्या एका सुरात म्हणाल्या. मी पाहत असेपर्यंत बोलल्याही. मी फळ्याकडे वळले, की बोलणे बंद.

चार दिवसांनी नरसू शाळेत येईनाशी झाली.

बाहेरच्या माणसाला हे एवढे मोठे वाटणार नाही. मुलगी रुसली, येईल. पण मागवाल्यांच्या घरची रीत मला ठाऊक होती. घरी राहिलेली मुलगी कांड्या भरायला बसते, म्हणजे मागाला लागणारे सूत लहान लहान नळ्यांवर गुंडाळत बसते. घरातले एक माणूस कामाला लागले, की त्याला उठवून परत शाळेत पाठवणे कोणालाच परवडत नाही. मग पटावरून नाव कमी होते. अशा किती नावांवर मी लाल रेघ ओढली होती, आणि त्यातली एकही मुलगी परत आली नव्हती. नरसू तर हिशेबात वर्गात पहिली. तिचे नाव मला कापायचे नव्हते.

मी मोठ्या बाईंकडे गेले.

"वर्गात मारामारी होते का?" त्यांनी विचारले.

"नाही."

"कोणी रडत तक्रार घेऊन येते का?"

"नाही. पण एक मुलगी—"

"मग सर्क्युलरप्रमाणेच चालले आहे," त्या म्हणाल्या. "मुली आपापसात मिटवतात. तुम्ही मध्ये पडू नका. पुढच्या महिन्यात इन्स्पेक्टर यायचे आहेत."

त्यांचा स्वभाव वाईट नव्हता, त्यांना रिपोर्ट चांगला जायला हवा होता एवढेच. मला मात्र राग आला. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी तडक नरसूचे घर गाठले.

पुढच्या खोलीत खड्ड्यात पाय सोडून तिचे वडील मागावर बसले होते. नरसू भिंतीकडे तोंड करून चरख्यावर कांड्या भरत होती. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आईने पाट दिला. मी वडिलांना सांगितले, मुलींचा पोरकटपणा झाला, मी त्यांना ताकीद दिली आहे, उद्यापासून हिला पाठवा.

त्यांनी माग थांबवला. "बाई, तुमी चांगलं मनानं आला. पण पंचांनी टाकलं म्हणतेत ना?"

"अहो, दहा-अकरा वर्षांच्या मुली त्या. कसले पंच?"

"नेमलं कोण?"

"शाळेने," मी म्हणाले.

"मग पंचच की," ते म्हणाले. "पंचांनी टाकलं तर पंचांनीच घ्यायचं. तुमी एकटं सांगून कसं होतंय? उद्या येईल ती, पण बसंल कुणाजवळ?"

मुली माझ्यासमोर बोलायच्या आणि पाठ फिरताच गप्प व्हायच्या, त्याचे कारण हेच होते, ते मला त्या पाटावर बसल्या बसल्या कळले. पंचांचा निकाल बाईंना फिरवता येत नाही, हे मुलींनाही ठाऊक होते. मी वडिलांना विचारले, पंच पुन्हा बसवले तर मुलीला पाठवाल का? ते म्हणाले, "निकाल ऐकायला पाठवतो."

शनिवारी सकाळची शाळा असायची. सुटल्यावर मी वर्गाला थांबवून घेतले. नरसू आली होती, दाराजवळच बसली होती. मोठ्या बाईंना विचारले नाही, विचारले असते तर त्या नाही म्हणाल्या असत्या. गौरव्वाला मी म्हणाले, "तुझ्या अज्जासमोर एखादा माणूस दुसऱ्याच भाषेत बोलला तर अज्जा काय करतो?"

"दोन्ही भाषा येणारा माणूस बसवतेत," ती म्हणाली. मग तिचे तिलाच काहीतरी लक्षात आले. तिने वर्गाकडे पाहून विचारले, तेलुगू कुणाला येते? मागवाल्या घरच्या मुलींनी माना खाली घातल्या. मिरवत तेलुगू येते म्हणायचे आणि खटल्यात अडकायचे, हे कोणाला हवे असते? शेवटी मागून एक जण म्हणाली, "द्वारकीला येतंय की. ती त्यांच्यातच असती."

खरेच होते. द्वारकीची आई मिलमध्ये कामाला. पहाटेचा भोंगा झाला की ती जायची आणि द्वारकी नरसूच्या घरात वाढायची. नरसूच्या आईची बोली तिला आपल्या आईच्या बोलीइतकीच येत होती. म्हणजे पहिल्या वेळी नरसू काय म्हणाली ते मागवाल्या घरच्या मुलींप्रमाणे द्वारकीलाही पुरते कळले होते, आणि तीही गप्प बसली होती.

"मी न्हाय सांगणार," द्वारकी म्हणाली.

गौरव्वाने निकाल दिला, की द्वारकीनेच सांगायचे, आणि नरसू 'मी' म्हणाली तर हिनेही 'मी'च म्हणायचे, कारण अज्जाकडे तसेच सांगतात. या वेळी मी वर्गाबाहेर गेले नव्हते, पण एक शब्द बोलले नाही. तोंड दाबून बसणे मला किती जड जाते, ते माझ्या घरच्यांना विचारा.

नरसू बोलू लागली. या वेळी रागाने नाही, हळू. एक वाक्य बोलायची आणि थांबायची. द्वारकी जमिनीकडे बघत मराठीत सांगायची.

"मी पहाटं उठते. अप्पासंगं रस्त्यावर सुताला खळ लावते." खळ म्हणजे सूत ताठ व्हावे म्हणून लावायची पेज. तिला आंबूस वास असतो. मागवाल्यांच्या पेठेत तो बारा महिने असतो. "मग मी अंघोळ करून शाळंत येते. तरी हाताचा वास जात न्हाय." द्वारकी थांबली. नरसूने पुढचे वाक्य म्हटले. द्वारकी गप्प.

"पुढं सांग," गौरव्वा म्हणाली.

"त्या दिवशी द्वारकी मला म्हणाली, लांब बस, तुझ्या अंगाला वास येतोय. सगळ्या पोरींनी नाक धरलं." द्वारकीचा आवाज बारीक झाला होता. वर्गात ज्यांनी नाक धरले होते त्या मुली आपापल्या पाट्या पुसू लागल्या. नरसू पुन्हा काहीतरी म्हणाली, अगदी थोडके. द्वारकीने ओठ घट्ट मिटले. मला वाटले, आता ही बदलून सांगणार. कोण विचारणार होते तिला? बरोबर की चूक, ते पाहणारे पंचांत कोणीच नव्हते, आणि मागवाल्या घरच्या मुली तोंड उघडणार नव्हत्या. तरी ती म्हणाली, "माझी आई रोज द्वारकीची वेणी घालती. माझ्या आईच्या हातालापण तोच वास हाय."

आणि द्वारकी रडू लागली. मला कोणाचीच दया आली नाही आणि सगळ्यांचीच आली, असे काहीतरी झाले. मी उठून खिडकी उघडली, वारा नव्हता तरी.

इथे गोष्ट संपली असे मला वाटले. संपली नव्हती. पंचांनी डोकी एकत्र केली. मग गौरव्वा उभी राहिली आणि म्हणाली, नरसूला परत घेतले आहे. चूक द्वारकीची आहे. आजपासून द्वारकी वाळीत.

वर्गाला ते एकदम पटले. द्वारकीच्या शेजारच्या दोघी तिथल्या तिथे सरकल्यासुद्धा. मी तोंड उघडले, पण माझ्या आधी नरसू बोलली, आणि मराठीत बोलली.

"नको," ती म्हणाली. "लई वाईट असतंय ते. तुमाला म्हाईत न्हाय."

सरकलेल्या दोघी पुन्हा जागेवर आल्या. गौरव्वाने मला विचारले, "बाई, वाळीत टाकायचंच न्हाय असा नियम केला तर चालतंय का?" मी म्हणाले, पंच तुम्ही आहात. तिने नियम केला.

पण अज्जाच्या पद्धतीप्रमाणे अजून एक गोष्ट राहिली होती. टाकलेल्या माणसाला परत घेतात तेव्हा तो सगळ्यांना जेवू घालतो. नरसू कुठून जेवण घालणार? आणि आमच्या वर्गातल्या मुलींनी एकमेकींच्या घरचे शिजवलेले खाल्ले असते तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात पालकांचा मोर्चा आला असता. त्यावरही तोड मुलींनीच काढली. सोमवारी प्रत्येकीने घरून मूठभर भुईमुगाच्या शेंगा आणल्या. टरफलातल्या दाण्यांना कोणाचा विटाळ नसतो. सगळ्या एका परकराच्या ओच्यात ओतल्या. ओचा द्वारकीचा होता, वाटल्या नरसूने. तिच्या हातून घेताना कोणी हात मागे घेतला नाही, आणि नरसू हसली तेव्हा मला इतके बरे वाटले, की टरफले झाडायचे काम मी स्वतः केले.

मोठ्या बाईंना कोपऱ्यात राहिलेली टरफले दिसली आणि सगळे कळले. त्या माझ्यावर रागावल्या, रीतसर रागावल्या. इन्स्पेक्टर आले तेव्हा आमच्या वर्गात गलका होता, कारण कोणाचे तरी भांडण चालले होते. त्यांनी रिपोर्टात 'वर्ग गोंगाटी' असे लिहिले. मला त्या वर्षी इन्क्रिमेंट मिळाले नाही. नरसू मात्र चौथी पास झाली.

या धंद्यात मी पुढे कितीतरी वर्षे काढली. भांडण मिटवण्याच्या अनेक पद्धती ऐकल्या, काही शिकवल्याही. पण चौथीच्या त्या पंचांनी अपघाताने शोधलेली एकच पद्धत मी शेवटपर्यंत वापरली. प्रत्येकीने आधी दुसरीचे गाऱ्हाणे सांगायचे, तेही 'मी' म्हणून, आणि दुसरी "व्हय, असंच" म्हणेपर्यंत सांगायचे. आपले नंतर. आपल्यावर पाळी येईपर्यंत निम्म्या मुलींना काही सांगायचे उरत नाही.

शेंगांनंतर थोड्याच दिवसांत वर्गातल्या दुसऱ्या दोघींची माठाशी जुंपली. पंच बसले. गौरव्वाने एकीला दुसरीचे सांगायला सांगितले, तर ती पाय आपटून म्हणाली, "मी न्हाय सांगणार. तिचं सांगितलं की मलाच ते खरं वाटाया लागतंय."

"म्हणूनच सांग," गौरव्वा म्हणाली.